गोठ्यातला कोळसा

रोही, माझी लेक, झोपली आहे. तिची झोप म्हणजेच माझा वेळ, म्हणून मुद्द्याचं आधी सांगते. दोन हजार आठ साली दिवाळीनंतर पाड्यातली सगळी घरं बंद झाली आणि आमच्या घरातून तेवढा चुलीचा धूर निघत राहिला. ते कसं झालं ते लिहून ठेवायचं आहे. ज्यांच्यामुळे झालं त्यांना तोंडावर आभार मानलेले चालत नाहीत. सासूचे एकदा मानून बघितले, तर तिनं माझ्या कपाळाला हात लावला. "ताप आला का गं तुला?"

आमचा पाडा नाशिक जिल्ह्यात, पेठच्या पलीकडे, गुजरातच्या अंगाला, डोंगराच्या उतारावर. भात, नागली म्हणजे नाचणी, थोडी वरई. पावसाळ्यात माणूस पाण्याला कंटाळतो आणि दिवाळी सरली की शेतात काही उरत नाही. मग दिंडोरीकडच्या द्राक्षबागांची गाडी येते. भांडी, कोंबड्या, पोरं घेऊन माणसं चढतात ती उन्हाळ्यातच परततात. मुकादम जोडीनं माणसं नेतो. नवरा-बायको मिळून एक जोडी. एकटा माणूस आला तर तोंड वाकडं करतो.

लग्न झाल्यापासून मीही जात होते. कामाचं मला काही वाटत नव्हतं. बागेत पोरांच्या झोळ्या वेलींच्या मांडवाला बांधतात. फवारणीचा ट्रॅक्टर आला की आया धावतात, झोळी सोडतात, पोराला पदरात गुंडाळून बांधावर उभ्या राहतात. औषधाचं धुकं खाली बसलं की झोळी पुन्हा तिथेच, त्याच ओल्या पानांखाली. तेव्हा मी हे नुसतं बघत होते. रोही पोटात आली आणि तेच आठवून माझी झोप जायला लागली.

ती महिन्याची झाली तेव्हा मी हिरामणला, माझ्या नवऱ्याला, सांगून टाकलं, "यंदा पोरीला घेऊन मी बागेत येणार नाही. इथंच भाजी करू."

आमच्यात नवरा-बायको एकमेकांना अरे-तुरे करतात, सासूलाही तूच म्हणतात. त्यामुळे बोलणं आडवळणाला जात नाही.

"कुठं करशील? ओहळाजवळच्या तुकड्यात?"

"त्यातच."

"तिथं हंडा ओतला की पाणी थेट गुजरातला जातं."

खरंच जायचं. तांबडी मुरमाड जमीन, उताराची. खालच्या डोहात शिमग्यापर्यंत पाणी राहायचं, पण वर आणून ओतलं की माती क्षणभर ओली दिसायची आणि पुन्हा आपली कोरडी.

माझी सासू साळूबाई चुलीशी बसून नागलीची भाकर थापत होती. मान वर न करता म्हणाली, "हा वर्साचा होता तवा मीपण झोळी मांडवाला बांधली होती. फवारणी झाली आणि ह्याचं डोळं उघडना. सुजून असं झालं होतं." तिनं हातातला पिठाचा गोळा दाखवला. "मुकादम म्हणं, उघडतील. उघडलं. पण उघडस्तवर मी काय होते ते मलाच म्हाईत."

हिरामणनं झोळीतल्या रोहीकडे बघितलं. मग म्हणाला, "बरं. यंदा मी मुकादमाची उचल घेत नाही, मोकळा राहतो. गाडी येईल तवा झाडाला फळ दिसलं तर राहू. नाय दिसलं तर सगळी गाडीत बसू. मग रडायचं नाय."

"नाही रडणार," मी म्हटलं. खोटंच.

वैशाखात नाशिकच्या एका संस्थेतून तेजस्विनीताई आली. माझ्याच वयाची असेल. शाळेच्या पटांगणात तिनं बायांना गोळा केलं. "मुरमाड जमिनीत पाणी टिकत नाही ना? त्यात कोळसा मिसळायचा. कोळशाला बारीक बारीक छिद्रं असतात, ती पाणी धरून ठेवतात. याला बायोचार म्हणतात."

"म्हणजे कोळसाच," साळूबाई म्हणाली.

"कोळसाच, आई. फक्त चुलीऐवजी मातीसाठी केलेला."

तिनं खड्डा खणून घेतला होता. त्यात घाणेरीच्या वाळलेल्या काड्या पेटवल्या. घाणेरीची झुडपं आमच्याकडे उदंड, गुरंसुद्धा खात नाहीत. आधी पांढरा दाट धूर आला, मग तो पातळ होत निळसर झाला. "आता पाणी मारायचं. नाहीतर सगळ्याची राख होईल," असं म्हणत तेजस्विनीताईनं बादली उचलली आणि साळूबाईनं ती तिच्या हातातून काढून घेतली.

"राबावर पाणी घालत नाय बाय. ते पावसाचं काम आहा."

राब म्हणजे आमची भाताची रोपं टाकायची जागा. शेण, पालापाचोळा, फांद्या रचून उन्हाळ्यात ती जमीन भाजतात आणि पाऊस पडला की त्या काळ्या जमिनीत बी फेकतात. पेटलेला राब कुणी विझवत नाही. साळूबाईनं जन्मात विझवला नव्हता.

"अहो आई, हा राब नाही."

"जाळ लावून माती पिकवायची म्हणजे राबच की. दुसरं काय आहा?"

बादली दोघींच्या मध्ये. बाया पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. शेवटी साळूबाईनंच तोड काढली. "विझवायचाच ना? मग मातीनं झाक. माती टाकलेली चालंल." तिनं सागाची ओली पानं आणली, वर फावड्यानं माती ओढली, पायानं दाबली. धूर कोंडला. दुसऱ्या दिवशी उकरलं तर आत चकचकीत काळा कोळसा, बोटानं टिचकी मारली की काचेसारखा वाजणारा. तेजस्विनीताईनं वहीत काहीतरी टिपलं आणि म्हणाली, "आई, पुढच्या गावात मी असंच सांगणार."

त्यानंतर ती कोळसा जमिनीत कसा मिसळायचा ते सांगायला लागली आणि नेमकी रोही रडायला लागली. असं रडली की मला तिला घेऊन घरी यावं लागलं. वाटेत मनाशी म्हटलं, पुढचं काय असणार? राबासारखंच. भाजलं, पाऊस पडला, पेरलं. संध्याकाळी शेजारच्या कुसाबाईला विचारलं, "मावशी, मी गेल्यावर काय सांगितलं?"

"काय नाय गं. चहा दिला. बिस्कुटं मऊ पडली होती."

एवढ्यावर मी निर्धास्त झाले.

तो सगळा उन्हाळा आम्ही कोळसा केला. हिरामण घाणेरी तोडायचा आणि येता-जाता टोमणे मारायचा. "जमिनीत कोळसा पेरतेस, उगवंल काय? चूल?" पण तोडायचा. मी काठीनं बडवून कोळसा बारीक करायची, रोही बाजूला गोधडीवर. एकदा बघते तर तिची मूठ काळी, तोंड काळं, जीभसुद्धा काळी. माझ्या हातातली काठीच गळाली. साळूबाईनं तिला उचललं, ओल्या फडक्यानं पुसलं आणि हसली. "बापानं माती खाल्ली, ही कोळसा खाते. खानदान सुधरतंय." तेव्हा हसू आलं नाही. आता लिहिताना येतंय.

पोती भरून माळ्यावर ठेवली आणि पाऊस लागला.

आमच्या घरात एका बाजूला माणसं आणि दुसऱ्या बाजूला बैल. मध्ये कमरेएवढा काड्यांचा, सारवलेला कूड. रोहीची झोळी कुडाच्या अलीकडे, आढ्याला बांधलेली. श्रावणात बैलांखालची जमीन नुसता चिखल झाली. मुताचा वास डोळ्यांना झोंबायचा, माश्या पोरीच्या तोंडावर बसायच्या. मी पदरानं वारा घालत बसायची. एक दिवस शेतातून आले तर वास बराच कमी. वर बघते तर माळ्यावरची काही पोती गायब.

"आई, माझा कोळसा कुठं गेला?"

"बैलांखाली टाकला."

"अगं, मी काय चिखलात घालायला केला होता का तो?"

"तुझ्याच पोरीसाठी टाकला. वास ओढून घेतो तो. बघ की, माश्या बसल्यात का तिच्या तोंडावर?"

नव्हत्या बसल्या. रोही तोंड उघडं टाकून गाढ झोपली होती. तरी मी दिवसभर फुगून होते. साळूबाईला त्याचं काही नव्हतं. ती रोज खराट्यानं ते भिजलेलं काळं शेण ओढायची, नवा कोळसा पसरायची आणि ओढलेलं सगळं पाटीत भरून ओहळाकडे नेऊन टाकायची. कुठं टाकते ते मी विचारलं नाही. फुगलेलं माणूस विचारत नाही.

पोळा झाल्यावर पाऊस ओसरला. मी वाफे केले. थोडं शेणखत होतं ते सगळ्या वाफ्यांत विभागून घातलं आणि माळ्यावरचा उरलेला कोळसा, कोरडा ठाक, खणून मिसळला. लगेच वांग्याची, मिरचीची, टोमॅटोची रोपं लावली. कडेच्या एका तुकड्यात साळूबाईनं माझ्याच रोपांतली वांगी मागून लावली. पाणी खरंच टिकायला लागलं होतं. सकाळी घातलेलं संध्याकाळी बोट खुपसलं तर लागायचं. मी हिरामणला हाताला धरून नेलं आणि मातीत बोट घालायला लावलं. त्यानं बोट लवकर काढलं नाही.

आणि मग रोपं पिवळी पडायला लागली.

आधी खालची पानं, मग वरची. वाढ थांबली. लावली तेवढीच उंची, जणू कुणी डोक्यावर हात ठेवला होता. पाणी होतं, ऊन होतं, कीड नव्हती. मी रोज सकाळी रोहीला पाठीशी बांधून जायची आणि बघून परत यायची. कुसाबाई बांधावरून म्हणायची, "कावीळ झाली गं तुझ्या वांग्यांना." हिरामण टोमणे मारायचा बंद झाला होता. त्याचीच मला जास्त भीती वाटायची. एकदा तो म्हणाला, "झोळीला नवं कापड घे. जुनं विरलंय. बागेत तुटायला नको." तो चांगल्या मनानं म्हणाला, मला माहीत आहे. मी आत जाऊन भांडी घासत बसले, घासलेलीच.

दुसऱ्या दिवशी वाफ्यांकडे गेले तेव्हा ऊन तिरपं होतं. त्या उन्हात कडेचा तो साळूबाईचा तुकडा एकदम वेगळा दिसला. गडद हिरवा. पानं हाताच्या पंजाएवढी. तीच रोपं, त्याच दिवशी लावलेली. मी धावत घरी गेले. "आई, तू तुझ्या वांग्यांत काय घातलंस?"

"काय घालणार? बैलांखालचं तिथंच टाकत होते ना पावसाळाभर. त्यातच लावली."

दोघी गेलो. साळूबाईनं खुरप्यानं तिचं एक रोप मातीसकट उचललं. मुळांचा झुपका होता, आणि त्यात कोळशाचे बारीक खडे. पांढरी मुळं त्या खड्यांना विळखा घालून बसली होती, काही तर खड्यांच्या भेगांतून आत शिरलेली. मग माझं एक पिवळं रोप उपटलं. कोळसा तसाच, कोरा, चकचकीत. मुळं त्याला वळसा घालून गेलेली.

साळूबाई दोन्ही हातांत दोन रोपं धरून बसली. मग म्हणाली, "तुझा उपाशी आहा गं. माझा जेवलेला आहा."

मला एकदम उजाडलं. जो कोळसा पाणी धरतो, वास धरतो, तो खतही धरणारच. माझ्या वाफ्यांतला कोरडा कोळसा शेणखताचा सगळा कस आधी स्वतःच पिऊन बसला होता. रोपांना काय उरणार? राबाच्या सवयीनं मी घाई केली होती. राब भाजला की थांबायचं नसतं. इथं थांबायचं होतं, भिजू द्यायचं होतं.

त्या दिवसापासून आम्ही गोठा खरवडायला घेतला. भिजलेला काळा थर निघेल तसा पाटीत भरून प्रत्येक रोपाच्या बुडाशी. गोमूत्र जुन्या घागरीत धरायचं, पाण्यात मिसळून वाफ्यांना घालायचं. हिरामणला कुणी बोलावलं नव्हतं. तो आला, माझ्या हातातली पाटी घेतली आणि म्हणाला, "पोरगी रडतेय, जा." ती रडत नव्हती. मी गेले, कारण त्याला तेवढंच म्हणता येत होतं.

मधेच तेजस्विनीताई फेरीवर आली. साळूबाईचा वाफा बघून तिनं डोळे मोठे केले. "वा! कशात भिजवला होता कोळसा?"

"भिजवायचा असतो?" मी विचारलं.

"सांगितलं होतं की मी! शेण-गोमूत्रात चांगला मुरवून मगच जमिनीत..." मग तिला आठवलं. "तू बाळाला घेऊन गेली होतीस, नाही का?" दोन्ही हात कानांना लावून म्हणाली, "चुकलं माझं. घरी येऊन सांगायला हवं होतं."

"हिला विचारलं होतं मी," म्हणून मी बांधावर उभ्या असलेल्या कुसाबाईकडे बोट दाखवलं.

"मी खरं तेच सांगितलं," कुसाबाई ठसक्यात म्हणाली. "चहा दिलाच होता." आम्ही इतक्या हसलो की जवळच चरणाऱ्या बैलांनी माना वळवल्या.

ताईनं पिवळ्या रोपांवरून हात फिरवला. "अजून वेळ गेलेली नाही. शेंड्याला बघ, नवी पानं हिरवी येतायत." मी रोज बघत होते आणि मला ती दिसली नव्हती. तिचे हे उपकार मी विसरणार नाही. माझी चूक दाखवायच्या आधी तिनं शेंडा दाखवला.

नवरात्रात झाडं हलली. एकदा हलल्यावर मग थांबली नाहीत. वांग्यांना जांभळी फुलं, मिरचीला चांदण्यांसारखी. साळूबाईच्या वाफ्यातली वांगी दिवाळीआधीच लोंबायला लागली. माझ्या झाडांवर सुपारीएवढी होती. मी हिरामणला विचारलं नाही की हे फळ दिसलं म्हणायचं का. त्यानंही सांगितलं नाही. पाड्यात आवराआवर चालू झाली होती. कोंबड्यांचे पाय बांधले जात होते. हमखास काम सोडून वांग्यांच्या भरवशावर बसायचं, हे त्याला किती जड जात असेल ते मलाही कळत होतं.

गाडी पहाटे न येता चांगलं ऊन वर आल्यावर आली. धनराज मुकादम दिंडोरीकडचा, आवाजानंच ओळखू यायचा. "चला रं, आवरा! हिरामण, तुझी जोडी कुठं हाय?"

हिरामण ओहळाकडून आला. त्याच्या डोक्यावर पाटी होती, वांग्यांनी भरलेली. साळूबाईच्या वाफ्यातली सगळी काढली होती. त्यानं पाटी गाडीत चढवली आणि स्वतः चढला. माझ्याकडे बघितलंही नाही.

"एकटाच?" धनराज म्हणाला. "आरं, अर्ध्या जोडीला मी काय करू?"

"घे की. वांगी खाशील."

गाडी हलली. मी रोहीला घेऊन दारात उभी. तो एकटा चालला होता. मला आणि पोरीला घरी ठेवून, मुकादमाची बोलणी खात. एवढं तरी केलं त्यानं, असं वाटलं. साळूबाई बाजूला आली. धूळ बसेपर्यंत आम्ही तिथंच होतो. मग तिनं हंडा उचलला आणि मी दुसरा. वाफे काही वाट बघत नाहीत.

दुपार कलली असेल. मी मिरचीत वाकले होते. मागून आवाज आला, "बुडाशी घाल, पानांवर नको."

हिरामण. रिकामी पाटी काखेत, पाय धुळीनं भरलेले. पेठहून चालत आला होता.

"तू... गेला होतास ना?"

"पेठपर्यंत. आज बाजार आहा. वांगी हातोहात गेली. खानावळवाली म्हणाली, पुढच्या बाजारालापण आण."

"मग सांगून नाही जायचं?" मला रडू फुटलं. कबूल केलं होतं तरी.

"सांगितलं असतं तर धनराज्यानं फुकट बसवलं असतं का गाडीत?" तो म्हणाला. "पेठला उतरलो तवा लय शिव्या घातल्या त्यानं. मी चार वांगी दिली. घेतली."

साळूबाईनं हातातला हंडा खाली ठेवला आणि कमरेवर हात देऊन हसायला लागली. बराच वेळ. मग पदरानं डोळे पुसले. ती आसवं हसण्याची होती की कशाची, ते मी विचारलं नाही. हिरामणनं हंडा उचलला आणि डोहाकडे गेला. उरलेलं पाणी त्या दिवशी त्यानंच घातलं, बुडाशी, एकेका झाडाला.

बांधावर गोधडीत रोही जागी झाली. पाड्यात चिटपाखरू नव्हतं. कुसाबाईच्या दाराला कडी, शाळेचं पटांगण रिकामं. त्या शांततेला ती बहुधा दचकली आणि जोरात ओरडली. आवाज डोंगरावर जाऊन परत आला. तो ऐकून ती क्षणभर गप्प झाली, मग पुन्हा ओरडली, आता मुद्दाम.

साळूबाईनं तिला उचलून कडेवर घेतलं.

"ओरड गं," ती म्हणाली. "सगळा पाडा तुझाच आहा."